ऐकण्याची खुर्ची

“यापुढे मांडी घालून बसणे बंद,” असे डॉक्टरांनी माझे दोन्ही गुडघे दाबून पाहिल्यावर निक्षून सांगितले, तेव्हा जेवणाच्या पाटाचे अथवा पूजेच्या आसनाचे काय होणार ही चिंता मनाला शिवण्यापूर्वीच मला आठवली ती सतरंजी. बासष्ट वर्षे मी गाणे जमिनीवर बसून ऐकले होते. खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचावे, कचेरीचे कागद निकालात काढावेत, पाहुण्यांशी बोलावे, परंतु षड्ज लागला की खाली उतरावे, ही आमच्या घराची जुनी वहिवाट होती. ती मोडणे आता प्राप्त झाले, आणि घरी गाणे ऐकण्यासाठी आपल्याला नेमकी कशी खुर्ची हवी, या वरकरणी क्षुल्लक भासणाऱ्या प्रश्नाने माझी पुढील दोन वर्षे व्यापून टाकली.

माझे बालपण मिरजेत गेले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या वंशजांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये घडवावयास आरंभ केला, आणि पंढरपूरकडच्या शेतांतून येणारे भोपळे त्यांच्या हाताखाली तंबोरे होऊन देशभर जाऊ लागले. शाळेची माझी वाट त्या गल्लीतून जात असे. जवारी काढणारा वृद्ध कारागीर घोडीवर तारेखालचा सुती धागा केसभर पुढे, केसभर मागे सरकवीत बसलेला असे, आणि इतका वेळ मुकी वाटणारी तार, धागा एका विशिष्ट स्थळी येताच, आतून दिवा लागावा तशी उजळून गुंजू लागे. ते स्थळ मोजपट्टीला सापडत नसे, ते कानालाच सापडे. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली दक्षिणेच्या प्रवासात निवर्तले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. मी त्यानंतर वर्षभराने जन्मलो. परंतु उरुसात त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या बैठकींना वडिलांच्या मांडीवर बसून मी अनेक रात्री जागलो आहे. तेथे वकील, हमाल, अडते, पेटीमास्तर सर्वांना एकच जाजम असे. गाणे रंगू लागले की ती सारी मंडळी न ठरवता किंचित पुढे सरकत, पाठीचे कणे ताठ होत, आणि समेवर सगळ्यांच्या माना एकदम खाली येत. श्रवण ही शरीराचीही क्रिया आहे, हे मी तेथे शिकलो.

आमच्या घरात खुर्ची आली ती संस्थान गेले तेव्हा. 8 मार्च 1948 रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, आमच्या कचेरीची दप्तरे नव्या अमलाकडे वर्ग झाली, आणि जे सामान कोणालाच नको होते त्याची याद तयार होऊन एका दुपारी लिलाव पुकारला गेला. वडील त्या कचेरीत शिरस्तेदार होते. आयुष्यभर ज्या टेबलांवर त्यांनी फैसल्यांच्या नकला तपासल्या, ती टेबले लोक उचलून नेत असताना ते एका बाजूस उभे होते; शेवटी न्यायाधीशांच्या विश्रांतीच्या खोलीतील एक सागवानी आरामखुर्ची निघाली, तेव्हा त्यांनी हात वर केला. अकरा रुपयांवर बोली त्यांच्या नावे तुटली. वेताने विणलेली लांब बैठक, मागे झुकलेली पाठ, आणि पाय पसरून ठेवता यावेत म्हणून हातांखालून बाहेर वळणाऱ्या दोन फळ्या, अशी डाकबंगल्याच्या पडवीत शोभणारी ती खुर्ची आमच्या माजघराच्या मानाने फारच ऐसपैस होती.

त्या काळी घरात चावीचा ग्रामोफोन होता. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत सरे. मग उठावे, तबकडी उलटावी, सुई बदलावी, चावी द्यावी. खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी संपून ती खरखर सुरू होई, तेव्हा कोणीतरी आधीच उभे राहिलेले असे. अशा श्रवणाला खुर्चीचे प्रयोजनच नव्हते. खुर्चीला अर्थ आला तो रेडिओने. 1952 साली दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, आणि शनिवारच्या रात्री जेवणे लवकर आटोपून आम्ही माजघरात जमू लागलो. दिवे मंद होत, रेडिओच्या नळ्या तापून त्यांचा तांबूस प्रकाश मागच्या भिंतीवर पडे, आणि मग सलग दीड तास एकच गायक, मध्ये कोणी उठावयाचे नाही. वडिलांचे गुडघे तेव्हाच दुखू लागले होते. म्हणून ते त्या खुर्चीत बसत. परंतु बसण्यापूर्वी ते पायांच्या दोन्ही फळ्या आत वळवून ठेवीत आणि खुर्चीच्या झुकलेल्या पाठीवर बैठकीतला एक घट्ट लोड उभा करीत. आरामखुर्चीचा आराम काढून घेऊनच ते तिच्यात बसत. पाठीला कळ लागत असावी, एवढाच अर्थ मी त्या वयात लावला.

मी मात्र खाली सतरंजीवर, खुर्चीच्या पुढच्या उजव्या पायाला पाठ टेकून बसे. वडील उजव्या हाताच्या बोटांनी खुर्चीच्या दांडीवर ताल धरीत. ते आघात इतके हलके असत की शेजारी बसलेल्या आईलाही ऐकू जात नसत. पण सागाच्या त्या लाकडातून ते थेट माझ्या पाठीच्या मणक्यांत उतरत. एकतालातील विलंबित ख्याल मी असा शिकलो. गायक आलापीत दूर निघून गेला, मात्रांचा हिशेब माझ्या कानातून पार हरवला, तरी पाठीत तो चालूच असे. शेवटच्या दोन मात्रांना बोटे किंचित घट्ट होत, आणि सम आली हे मला कानाच्या निमिषभर आधी कळे. त्यानंतर मी पुष्कळ थोर गाणी ऐकली. 1953 साली सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात, नोकरीनिमित्त त्या शहरात आल्यावर, पहाटेच्या गारठ्यात भारतीय बैठकीवर बसून भैरवीपर्यंत टिकलो. पण लाकडातून पोचणारी ती लय मला पुन्हा कोठे भेटली नाही.

असो. डॉक्टरांच्या हुकुमानंतर मुलाने मोठ्या हौसेने एका दुकानातून मला गुबगुबीत कोच आणून दिला. त्याची बैठक इतकी मऊ होती की बसताच कंबर गुडघ्यांच्या खाली जाई, छाती दुमडे, आणि माणूस ऐकावयाचा सोडून निवांत व्हावयास लागे. पहिल्याच आठवड्यात मल्लिकार्जुन मन्सूरांचे एक ध्वनिमुद्रण लावले असता मला चक्क झोप लागली. मन्सूरांच्या गायकीत स्वर आणि लय अशी एकमेकांत गुंफलेली असते की क्षणभर लक्ष ढळले तरी बरेच काही हातचे जाते. त्या गायकीपुढे मी निजलो याची टोचणी मला अनेक दिवस लागून राहिली. वरचे रेक्झिन वैशाखात पाठीला चिकटे ते निराळेच.

मग एका स्नेह्याची झुलती खुर्ची महिनाभर आणून पाहिली. झुलत्या खुर्चीचा दोष तिच्यात बसूनच कळतो: तिला स्वतःची लय असते. आपण हललो की ती आपल्या मुदतीने मागे-पुढे होते, आणि विलंबिताचे आवर्तन जेथे मिनिटभराचे असते तेथे तिचे ते आंदोलन लहान मुलाने मध्येच बोलावे तसे सारखे आड येते. वाचनाला ती उत्तम. गाण्याला मी ती कोणास सुचवणार नाही.

तिसरी खुर्ची उंच पाठीची, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असलेली होती. एव्हाना घरात दोन ध्वनिवर्धकांची व्यवस्था आली होती, आणि तिने एक नवाच दंडक घातला होता. दोन ध्वनिवर्धकांमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर दोहोंपुढे मधोमध श्रोत्याने बसावे, म्हणजे गायक समोर मधल्या रिकाम्या जागेत प्रकट होतो. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली तर डग्गा फुगून येतो. कान तार स्वरांच्या लहान भोंग्याच्या पातळीस नसतील तर तंबोऱ्याच्या नादातील सूक्ष्म छटा डोक्यावरून निघून जातात. हे सारे मी पदरचे दिवस घालवून, जमिनीवर खडूच्या खुणा करकरून पडताळले आहे. पंखांच्या त्या खुर्चीत मान टेकली की कानांभोवती पडदा धरल्यासारखे होई. खोलीतून परतणारा स्वर कानांपर्यंत पोचेना, आणि गाणे बंद पेटीत ठेवल्यासारखे कोमेजून जाई. पाठीचा आधार खांद्यांपर्यंत असावा, त्यावरचे मस्तक मोकळे असावे, हा माझा निष्कर्ष झाला.

अशा वेळी मिरजेचे घर विकावयास निघाले. सामानाची वाटणी करावयास गेलो तेव्हा माळ्यावर ती खुर्ची सापडली. वेत पार फाटला होता, लोड तर कधीच नाहीसा झाला होता. उजेडात आणून पुसली तेव्हा उजव्या दांडीवर, टोकापासून चार बोटे आत, एक लांबट जागा दिसली. तेवढ्याच ठिकाणचे रोगण उडून साग काळसर, गुळगुळीत झाला होता. मी ती पुण्यास आणली.

वेत विणावयास जे गृहस्थ आले ते जन्मांध होते. कचेऱ्यांच्या खुर्च्या विणण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी प्रथम चौकटीच्या कडेची भोके बोटांनी मोजली, वेताच्या पट्ट्या घंगाळातील पाण्यात भिजत घातल्या, आणि मग उभ्या, आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या व शेवटी दोन तिरप्या अशा फेऱ्यांनी ती अष्टकोनी जाळी तीन दिवसांत उतरवली. एक पट्टी ताणून भोकात लाकडी खुंटी ठोकली की ते ती नखाने छेडून पाहत. ओला वेत बद्द बोले. “वाळला की चढेल, दादा,” ते म्हणाले, “आत्ताच चढवला तर वाळताना तुटेल.” आतल्या खोलीत मी रेकॉर्ड लावली होती. एक खुंटी हातात धरून ते थांबले, आवर्तन पुरे होईपर्यंत तसेच राहिले, आणि सम आल्यावर त्यांनी ती ठोकली.

खुर्ची वाळली, तेव्हा मी तिच्यात बसलो आणि माझी दृष्टी छताला लागली. वडिलांच्या लोडाचा अर्थ मला त्या क्षणी, पन्नास वर्षांनी उमगला. त्यांना त्या खुर्चीत बसूनही जाजमावरच राहावयाचे होते. कणा उभा, छाती मोकळी, मस्तक अधांतरी, म्हणजे गाणे पुढे सरकले की आपणही पुढे सरकू शकू. मी सुतारास बोलावले. त्याने मागच्या पायांखाली सागाचे तुकडे बसवून पाहिले. पाऊण इंच, एक इंच, सव्वा इंच. मी प्रत्येक वेळी बसे, डोळे मिटे, तीच एक रेकॉर्ड ऐके. दीड इंचावर कंबरेचा भार सरळ झाला, तळपाय जमिनीस पुरते टेकले, आणि शरीराची जाणीव कोठेतरी निघून गेली, पण झोप आली नाही. मिरजेच्या गल्लीतला तो सुती धागा मला आठवला. वर पाठीशी एक नवा लोड शिवून घेतला, आतला कापूस घट्ट भरावयास सांगून. दांडीवरची ती काळसर जागा घासून सगळे रोगण एकसारखे करू का, असे सुताराने विचारले. त्यास मी हात लावू दिला नाही.

एकच अडचण उरली. दोन ध्वनिवर्धकांपुढे मधोमधची जागा एकच असते, आणि माझी पत्नी माझ्याहून अधिक जाणती श्रोती आहे. तिचे गुडघे अद्याप शाबूत आहेत. पहिल्या शनिवारी दिवा मंद करून मी खुर्चीत बसलो, तेव्हा तिने सतरंजी अंथरली आणि खुर्चीच्या पुढच्या उजव्या पायाला पाठ टेकून ती बसली. तंबोरे जुळत होते. नवा वेत एकदा करकरला आणि स्थिर झाला. बंदिशीचे दुसरे आवर्तन भरत आले असता ती मागे न वळता म्हणाली, “थोडी जलद धरता आहात.” मी बोटे आवरली आणि पुन्हा मात्रा मोजू लागलो.