दारावरची खूण

ॲन आर्बर, १९७१. मिशिगन विद्यापीठाने समलिंगी विद्यार्थ्यांसाठी कार्यालय उघडलं; अमेरिकेतल्या विद्यापीठांत असं पहिलंच. जिम टॉय आणि सिंडी गेअर यांची नेमणूक झाली. एकाने मुलांची बाजू मांडायची, दुसरीने मुलींची. टॉय यांनी आदल्याच वर्षी डेट्रॉइटच्या युद्धविरोधी सभेत आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं होतं. अशा माणसाला विद्यापीठाने पगार देऊन बसवलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

*

विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात. त्यांनी उभं केलेलं मंडळ पुढच्या तुकडीत टिकेलच असं नाही. कर्मचारी राहतो. अर्ज कुठे अडतो, कोणते रेक्टर समजून घेतील, हे त्याला ठाऊक असतं.

*

हिरव्या वर्तुळात गुलाबी त्रिकोण: अमेरिकेत कितीतरी प्राध्यापकांच्या, कारकुनांच्या दारावर हे स्टिकर दिसतं. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत. आता त्याचा अर्थ, इथे बोललात तरी चालेल. मुलगा जाता-येता ते पाहून ठेवतो आणि कधीतरी, धीर झाल्यावर, आत येतो. मात्र आत बसलेल्याला पुढचं यायला हवं. घरच्यांचा फोन आला तर काय सांगायचं नाही, खोली बदलून कशी द्यायची, हे शिकलेला माणूस हवा.

*

रामचंद्र सिरस. नागपूरचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, आणि समलिंगी संबंधांवरून निलंबित झाले ते सिरसच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. त्या वर्षी तिथे शिकणाऱ्या एखाद्या समलिंगी मुलाने यातून काय घेतलं असेल, या विचाराने आजही पोटात कालवतं.

*

मिशिगनच्या मूळ नियमावलीतल्या भेदभावबंदीत लैंगिक कलाचा उल्लेख १९९३ साली आला. तोवर टॉय यांच्यासारखे लोक त्या आधाराविनाच समोर उभे होते. आधी नियम, मग नेमणूक, हा क्रम आपल्याला अजून पाळता येईल.

*

२०१६ पासून यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत लैंगिक कलावरून होणारा छळही येतो. कॉलेजांत रॅगिंगविरोधी समितीचे फलक असतात, नावं आणि मोबाईल नंबर असलेले. त्यावर समलिंगी मुलांसाठी म्हणून एक नाव लिहावं: प्रशिक्षण घेतलेल्या, कायम नोकरीतल्या माणसाचं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर हे ढकलू नये.