अठ्ठावीस दातांची बत्तिशी

अण्णांच्या उशाशी स्टीलची वाटी असते. एकदा जावईबापूंनी रात्री पाणी प्यायला म्हणून ती उचलली, तेव्हापासून तिच्यावर झाकण आलं.

आत कवळी निजलेली असते. म्हणायचं बत्तिशी, पण दात अठ्ठावीसच. अक्कलदाढा कवळीला बसवत नाहीत. अण्णांना होत्या तेव्हा तरी त्यांचा काय उपयोग झाला, असं आईचं म्हणणं.

ही मूळची घाटीची, म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयाची. तिथल्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९८२ पासूनचं. उरलेसुरले दात काढल्यावर हिरड्या भरून येईपर्यंत अण्णांचं पार बोळकं झालं होतं. मग खेपा सुरू झाल्या. आधी लगद्यात जबड्याचं माप. मग मेणाच्या जाड कडा चावून वरच्या-खालच्या जबड्यांतलं अंतर. मग मेणात रोवलेले दात लावून हातात आरसा. शिकाऊ डॉक्टर मुलगी म्हणाली, “काका, हसून दाखवा.” अण्णांना हसूच येईना. पुढच्या खेपेला मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक आलं आणि बाईसाहेब घरी आल्या.

मावसभावाचा आग्रह ‘फिक्स’ दातांचा होता. पण ब्रिजला शेजारचे दात खांब म्हणून लागतात, तेही तासून. इथे खांबच उरला नव्हता. राहिला इम्प्लांट. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हाड त्या धातूला धरून ठेवतं, हे त्यांना आधी प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “स्लॅब गळायला लागल्यावर पाया खणत नसतात.” मला हे पटलेलं नाही. खालच्या जबड्यात दोनच स्क्रू टाकले, तरी कवळी त्यांवर बटणासारखी बसते. आणि आमच्याकडे सगळी भांडणं खालचीच.

कारण या दोघी जावा. वरची शांत. तिला अख्खा टाळू मिळालाय. लाळेच्या पातळ थरावर घट्ट चिकटून राहते. खालचीच्या वाट्याला घोड्याच्या नालाएवढी जागा, त्यात जीभ येता-जाता धक्के मारणार. सुरुवातीला ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजायची. अण्णांनी महिनाभर पेपर मोठ्याने वाचून दोघींना वळण लावलं. नान-खलियाशी त्यांचं जमतं, रश्श्यात नान भिजला की प्रश्नच मिटतो. भाकरी मात्र दुधात कुस्करून. ज्या शेतकऱ्याने जन्मभर कडक पापुद्रा आधी खाल्ला, त्याला हे सांगायला जीभ रेटत नाही.

कवळीचा खरा वैरी तीळ. संक्रांतीला अण्णा तिळगूळ घेतात, गोड बोलतात आणि दोन मिनिटांत गप्प होतात. एकच तीळ कवळीखाली शिरलेला असतो. चावलं की हिरडीत टाचणी. मग भिंतीकडे तोंड, रुमाल, बेसिनवर खळखळ. वर येतात तेव्हा डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर काही झालंच नाही असा भाव.

हल्ली खालची बोलताना उचलली जाते. अण्णा तिला शिव्या घालतात, “झिजली, सैल झाली.” डॉक्टरांनी तोंडात बोट फिरवून सांगितलं, कवळी होती तेवढीच आहे. दात गेले की जबड्याचं हाड बसत जातं, खालचं जास्तच. अण्णा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री मात्र तिला ब्रशने जरा जास्त वेळ घासलं, वाटीत गार पाणी बदललं आणि झाकण लावलं.

सोमवारी तिला आतून नवं अस्तर लावायला घाटीत न्यायचंय.