तरंगत्या पुलापलीकडचा फळा

सिएटल शहरातून पूर्वेकडे निघाले की वॉशिंग्टन नावाचे लांबट सरोवर आडवे येते. पाणी खोल, तळ भुसभुशीत. तेव्हा खांब रोवण्याच्या भानगडीत न पडता तिथल्या इंजिनियरांनी पूल चक्क तरंगत ठेवला आहे! काँक्रीटच्या ७७ पोकळ पेट्यांवर विसावलेला हा २०१६ सालचा पूल जगातला सर्वांत लांब तरंगता पूल होय. तो ओलांडून थोडे पुढे गेले की रेडमंड गाव लागते, आणि उंच हिरव्या झाडांच्या गर्दीत मायक्रोसॉफ्ट कंपनीचा पसारा. १९८६ साली कंपनी इथे आली.

पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांना हे गाव न पाहताच पाठ आहे. कुणाचा भाचा तिथे असतो, कुणाची सून. पण त्या दाराशी त्यांची परीक्षा कशी झाली, हे फारसे कुणी सांगत नाही.

परीक्षा दिवसभराची. एका खोलीत तासभर, मग दुसरीत, मग तिसरीत. प्रत्येक खोलीत नवा इंजिनियर आणि भिंतीवर पांढरा फळा. शेवटी एखाद्या वरिष्ठाची भेट. तिथवर मजल गेली की आशेला जागा आहे, असे उमेदवार मानत.

पूर्वी कोडीही घालत. गटाराचे झाकण गोल का? कारण गोल झाकण कसेही फिरवले तरी आपल्याच भोकातून खाली पडत नाही. चौकोनी मात्र तिरके केले की पडते. फुजी पर्वत कसा हलवाल, हा प्रश्न तर इतका गाजला की विल्यम पाउंडस्टोन यांनी २००३ साली या मुलाखतींवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच तो जाऊन बसला. पुढे अशा कोड्यांवरचा विश्वास उडाला. फळा मात्र राहिला.

त्या फळ्यावरचा एक जुना प्रश्न पाहा. माणसांची रांग आहे. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याचा पत्ता ठाऊक आहे. ही रांग उलटी करा. सोपे वाटते ना? पण पुढच्याचा पत्ता टिपून घेण्याआधी त्याचा हात सोडला, की उरलेली सारी रांग हरवली! हे उत्तर हुशार मुलाला सुचतेच. पण ते सुचेपर्यंत तो काय करतो, यावर परीक्षकाची खरी नजर असते.

आणि आमची मुले नेमकी इथेच अडतात. "उत्तर येत असेल तरच हात वर कर," हे आपण त्यांना बिगारीपासून शिकवलेले. मोठ्यांना उलट प्रश्न विचारणे म्हणजे आगाऊपणा! मुलगा फळ्यापुढे गप्प उभा राहून मनात गणित मांडतो. समोरच्याला दिसते ती फक्त त्याची पाठ. रांग रिकामी असली तर काय, एवढे त्याने विचारले असते तरी परीक्षक खूश झाला असता.

२०२० च्या साथीत या मुलाखती पडद्यावर गेल्या, आणि रेडमंडचा फळा आपल्या दिवाणखान्यात येऊन पोहोचला. तेव्हा यंदा फराळाच्या ताटावर नातवाने अर्धवट, चुकतमाकत काही सांगायला सुरुवात केली, तर त्याला मध्येच थांबवू नका. "बरं, मग पुढे?" एवढेच म्हणा.