शेरा

काही सरकारी शब्दांचा अर्थ कोशात पाहून कळत नाही, त्यांचा परिणाम पाहावा लागतो. ‘सुरक्षा मंजुरी’ हा त्यांपैकी एक. या माणसाला शासनाची गुपिते सांगण्यास हरकत नाही, एवढाच तो निर्वाळा. तो मिळतो तेव्हा चारचौघांना पत्ता नसतो; काढून घेतला जातो तेव्हा मात्र माणसाचे उभे आयुष्य चव्हाट्यावर येते.

या शब्दाशी माझा संबंध आला तो नाटकामुळे. जर्मन नाटककार हायनर किपहार्ट यांनी १९६४ साली रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या सुनावणीवर नाटक लिहिले. दस्तऐवजी रंगभूमी शिकवताना त्याचा उल्लेख मी दरवर्षी करीत असे. २०२३ मध्ये ओपेनहायमरवरचा चित्रपट पाहून आलेल्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, “मॅडम, म्हणजे शेवटी ते देशद्रोही ठरले का?” मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून मूळ साक्षींचा छापील वृत्तान्त वाचायला घेतला. तो जवळजवळ हजार पानांचा आहे. सुट्टी त्यातच गेली.

घटना थोडक्यात अशी. अणुबॉम्बच्या प्रकल्पातील लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे हे संचालक युद्धानंतर अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे सल्लागार झाले. हायड्रोजन बॉम्बच्या घाईला त्यांनी १९४९ साली विरोध केला. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांची मंजुरी स्थगित झाली. १२ एप्रिल ते ६ मे १९५४ या काळात वॉशिंग्टनमध्ये तीन सदस्यांच्या मंडळापुढे सुनावणी झाली. आरोपांच्या यादीत डाव्या मित्रांशी आणि आप्तांशी असलेले जुने संबंध होते, आणि शेवटी हायड्रोजन बॉम्बला केलेला विरोधही होता. हे न्यायालय नव्हे, ही केवळ चौकशी, असे मंडळाने प्रारंभीच स्पष्ट केले होते. आयोगाच्या वकिलांपाशी गुप्तचर खात्याची कागदपत्रे होती. ओपेनहायमरांच्या वकिलांना ती पाहता येत नव्हती. गोपनीय भाग निघाला की त्यांना दालनाबाहेर जावे लागे. अशील आणि वकील यांची खाजगी बोलणी चोरून ऐकली जात होती, हे पुढे उघड झाले.

आणि निकाल? दोन विरुद्ध एक मतांनी मंडळाने मंजुरी नाकारली. पण ते एकनिष्ठ नागरिक आहेत, हेही त्याच निकालात मान्य केले. विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर का देता येत नव्हते, ते मला इथे उमगले. देशद्रोह सिद्ध करायचा तर पुरावा लागतो. मंजुरी काढायला शंका पुरते, आणि शंका ही शिक्षा नव्हे असे म्हणता येते. एडवर्ड टेलर यांची साक्ष याच सुराची होती: निष्ठेविषयी संशय नाही, परंतु देशाचे हित दुसऱ्या कोणाच्या हाती असते तर अधिक निश्चिंत वाटले असते. उलट इसिडॉर राबी यांनी सरळ मुद्दा मांडला. ओपेनहायमर सल्लागार आहेत. त्यांचा सल्ला नको असेल तर विचारू नका, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

या प्रश्नाचे उत्तर तारखांत आहे. ओपेनहायमरांचा सल्लागारपदाचा करार ३० जून १९५४ रोजी आपोआप संपणार होता. आयोगाने चार विरुद्ध एक मतांनी अंतिम निर्णय दिला तो २९ जूनला. एक दिवस थांबले असते तर सारे निमूटपणे मिटले असते. पण तो माणूस नुसता जायला नको होता. त्याच्यावर शेरा बसून तो जायला हवा होता.

या दोन तारखांपाशी मी पुस्तक मिटले. काही वर्षांपूर्वी मी विभागप्रमुख होते. आमच्याकडे तासिका तत्त्वावर एक तरुण सहकारी होते. मी मांडलेल्या एका विवेचनाला त्यांनी परिसंवादात, विद्यार्थ्यांदेखत, आधार देऊन विरोध केला होता. वर्षअखेरीस प्राचार्यांनी गोपनीय शेरा मागवला. मी लिहिले, ‘विषयज्ञान उत्तम, तथापि पूर्णतः भरवशाचे म्हणता येणार नाहीत.’ मी खोटे लिहिते आहे असे त्या क्षणी मला वाटले नव्हते. जूनमध्ये त्यांना बोलावणे आले नाही. त्यांना कोणी काढले नाही; तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढावे लागतच नाही. कारण त्यांनी मला विचारले नाही, मीही सांगितले नाही.

म्हणूनच त्या हजार पानांत मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते ओपेनहायमरांनी नव्हे, हाकॉन शेव्हालिए यांनी. हे बर्कलीत फ्रेंच साहित्य शिकवत, म्हणजे आपल्याच जातकुळीचे. १९४३ साली ओपेनहायमरांनी सुरक्षा अधिकाऱ्यांना हेरगिरीच्या प्रयत्नाची एक रचलेली हकिगत सांगितली, आणि पुढे मध्यस्थ म्हणून याच मित्राचे नाव दिले. शेव्हालिए यांची विद्यापीठातील नोकरी गेली, ते फ्रान्सला गेले. मित्राने आपल्याविषयी नेमके काय सांगितले होते, हे त्यांना १९५४ च्या या साक्षींमुळे कळले. ज्याच्यावर शेरा बसला, त्याने स्वतःही एकदा कोणावर तो बसवला होता.

आज हे हत्यार उघड्यावर आले आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘सीआयए’चे माजी संचालक जॉन ब्रेनन यांची मंजुरी काढत असल्याचे जाहीर केले, आणि मुलाखतीत त्याचा संबंध रशियाविषयक चौकशीशी जोडला. २० जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा सत्तेवर येताच पहिल्या दिवशी, त्यांनी २०२० च्या एका पत्रावर सह्या करणाऱ्या सुमारे पन्नास माजी अधिकाऱ्यांच्या मंजुऱ्या रद्द करण्याचा आदेश दिला. फेब्रुवारीत जो बायडन यांची पाळी आली. त्यांनी २०२१ मध्ये आपल्याला गोपनीय माहिती नाकारली होती, हे कारण ट्रम्प यांनी स्वतःच सांगितले. १९५४ मध्ये हेतू झाकण्यासाठी हजार पाने लागली होती; आता झाकावे असे कोणाला वाटत नाही. अशी मंजुरी हा कोणाचा हक्क नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या ‘ईगन’ खटल्यात म्हटले होते. कृपा म्हणून जे दिले जाते, ते लहर म्हणून काढता येते.

आपल्याकडेही हा शब्द अपरिचित नाही. ‘मीडियावन’ या मल्याळम वाहिनीला गृहमंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली. कारणे बंद लिफाफ्यातून केवळ न्यायाधीशांना दाखवली गेली. ५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ एवढे शब्द उच्चारले की कारणे सांगण्यातून सुटका होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला तो निकाल मी वर्गात वाचून दाखवला. बंद लिफाफा म्हटल्यावर मला प्राचार्यांच्या टेबलावरचा माझाच लिफाफा आठवला, हे मात्र सांगितले नाही.

ओपेनहायमर १९६७ साली वारले. मंजुरी त्यांना परत मिळाली नव्हती. १६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम यांनी १९५४ चा निर्णय रद्दबातल केला. आयोगाने स्वतःचेच नियम मोडले, प्रक्रियाच सदोष होती, असे त्यांनी नोंदवले. अडुसष्ट वर्षांनी का होईना, शासनाने आपला शेरा खोडला.

माझा शेरा खोडायला कोणते कार्यालय नाही. ते सहकारी आता एका शिकवणी वर्गात व्याकरण शिकवतात असे कळले. गेल्या महिन्यात त्यांचा नंबर मिळवला आणि फोन केला. मी काय लिहिले होते ते शब्दशः सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “मॅडम, परिसंवादातला माझा मुद्दा तुम्हाला आज पटतो का?” मी म्हटले, पटत नाही. ते हसले. “मग तेवढेच लिहायचे होते.”