हे मला का नाही विचारलंस?

चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ ला. पुढच्या सेमिस्टरपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं, आणि ते पक्कं करताना मी एकदाही ते उघडून पाहिलं नव्हतं. कॉपीचं नवं साधन, बस्स. स्टाफरूममध्ये कुणी कौतुक करू लागलं की मी जोसेफ वायझेनबाउमची गोष्ट काढायचे. एमआयटीतल्या या प्राध्यापकाने १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम मांडला. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची करामत. तरी वायझेनबाउमची सेक्रेटरी त्याच्याशी बोलण्यात इतकी गुंतली की तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तो हादरला, आणि १९७६ मध्ये यंत्राच्या हाती काय सोपवू नये यावर त्याने पुस्तकच लिहिलं. ‘‘बघा, ज्याने केलं तोच धास्तावला,’’ असं म्हणून मी विषय संपवायचे. गोष्ट खरी आहे. मी मात्र ती समोरच्याचं तोंड बंद करायला वापरत होते.

मी तालुक्याच्या गावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमची बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. अकरावीला सायन्स घेतलं की एकदम सगळं इंग्रजीत. एस. वाय.ला थर्मोडायनॅमिक्सची असाइनमेंट दिली होती. वर्गात कधीच तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने स्वच्छ, नीटस इंग्रजीत उत्तर लिहून आणलं. मी ते एका ‘डिटेक्टर’ साइटवर टाकलं. यंत्राने लिहिलंय, असा निकाल आला. मी तिचे इंटर्नलचे मार्क कापले आणि तिला डिपार्टमेंटमध्ये बोलावलं.

या डिटेक्टरांवर किती विसंबावं, हे मी तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं. अचूकता कमी म्हणून खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपला डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये मागे घेतला होता. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर तपासले, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राच्या नावावर घातले. शब्द मोजके आणि वाक्यं सरळ असली की डिटेक्टरला संशय येतो. म्हणजे नेमकं माझ्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी.

‘‘इंग्रजी त्याच्याकडून नीट करून घेतलं, मॅडम. फिजिक्स माझं आहे,’’ ती म्हणाली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. मी तो घेतला तो पुरावा शोधायलाच.

चॅट लांबलचक होतं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं. पहिला प्रश्न होता: या समीकरणात लॉग कुठून आला, आणि लॉग म्हणजे नेमकं करायचं काय? अकरावीचा प्रश्न. मी मनात हसलेसुद्धा. त्याच्याखाली तिने लिहिलं होतं: ‘उष्णता आत येत नाही, बाहेर जात नाही. मग एन्ट्रॉपी वाढते कशी?’

प्रश्न समजावून सांगते. उष्णतारोधक पेटी, मध्ये पडदा, एका बाजूला वायू, दुसरीकडे पोकळी. पडदा काढला की वायू पेटीभर पसरतो. एन्ट्रॉपीतला बदल म्हणजे उष्णता भागिले तापमान, असं आम्ही शिकवतो. इथे उष्णता शून्य, म्हणजे उत्तरही शून्य यायला हवं. येत नाही. एक मोल आदर्श वायूचं आकारमान दुप्पट झालं तर उत्तर येतं ५.७६ ज्यूल प्रति केल्विन. पुस्तकात याला दोन ओळी: सुरुवात आणि शेवट तेच ठेवून दुसरा, उलटा फिरवता येणारा मार्ग कल्पावा आणि त्यावरून हिशेब करावा. या दोन ओळी मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिल्या आहेत आणि ‘समजलं ना?’ म्हणत डस्टर फिरवला आहे.

तिला समजलं नव्हतं, आणि तिने ते सोडलं नव्हतं. यंत्राने आधी चुकीचंच सांगितलं होतं: उष्णता न देताघेता वायू अगदी हळूहळू पसरला अशी कल्पना कर. त्यावर ती लिहिते: ‘हळूहळू पसरला तर तो पिस्टन ढकलणार, काम करणार, थंड होणार. आपला वायू तर थंड झालेलाच नाही. मग शेवट तोच कसा?’ यंत्राने माफी मागितली आणि सुधारून सांगितलं की तापमान तेच ठेवायचं तर पसरताना बाहेरून उष्णता द्यावी लागेल; ५.७६ येतात ते त्या उष्णतेतून.

मी चॅट पुन्हा वर नेऊन तो प्रश्न वाचला. सगळा धडा या एका शंकेवर उभा आहे, आणि इतक्या वर्षांत ती मला वर्गात कुणी विचारली नव्हती. मला वाटायचं, मुलांना प्रश्न पडतच नाहीत.

‘‘हे मला का नाही विचारलंस?’’

‘‘एफ. वाय.ला एकदा विचारलं होतं, मॅडम. लॉगचं. तुम्ही म्हणालात, बारावी पास कशी झालीस.’’ मग थोडं थांबून, ‘‘सगळे हसले होते.’’

मला हे आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, मी ते नेहमी वापरते. यंत्र मुलांची विचार करायची सवय मोडेल म्हणून मी ओरडत होते, आणि विचारायची सवय मी कधीच मोडून ठेवली होती.

मग एकेक आठवत गेलं. सीनियरकडून जर्नल उतरवून काढायचं, रीडिंगसकट, आणि आम्ही त्यावर सही ठोकायची. मी डिक्टेट केलेल्या नोट्स मुलांनी परीक्षेत जशाच्या तशा ओकायच्या. तेव्हा मला कॉपी दिसली नाही, कारण कॉपी माझीच होत होती.

म्हणून मी आता चॅटबॉटची भक्त झाले आहे असं नाही. त्याच वर्गातल्या एकाने ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ या यंत्राच्या शेवटच्या ओळीसकट असाइनमेंट दिली होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या जवळजवळ हजार शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग २०२५ मध्ये छापून आला. चॅटबॉट मोकळा हाती मिळालेल्यांनी सरावाची गणितं झकास सोडवली. पण तो काढून घेऊन परीक्षा घेतल्यावर, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा त्यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी पडले. फक्त इशारे देणारा बॉट ज्यांना दिला होता, त्यांचं हे नुकसान जवळपास टळलं. हार्वर्डच्या सीएस५० या कोर्सने २०२३ पासून ठेवलेला बॉटही आयतं उत्तर हातात देत नाही, वाट दाखवतो. आमच्याकडे असं काही नाही. पोरांच्या हाती जे फुकट मिळतं ते आहे.

तेव्हा मी एवढंच बदललं: उत्तराबरोबर अख्खं चॅट जोडायचं, आणि यंत्र कुठे चुकलं किंवा तुम्ही त्याला कुठे अडवलंत ते दाखवायचं. मार्क त्याला. मग फळ्याशी दोन मिनिटं तोंडी. रचलेली चॅट्सही येतात. ती त्या दोन मिनिटांत उघडी पडतात. ज्यांचा नेटपॅक संपलेला असतो त्यांना डिपार्टमेंटचा पीसी देते. तपासायला वेळ दुप्पट लागतो, आणि कुरकुर माझीच जास्त असते.

तिचे मार्क परत दिले. माफी मागितली ती डिपार्टमेंटमध्ये, कपाटाआड. हसला होता वर्ग, तेव्हा मागायला हवी होती वर्गात. ते धाडस माझ्याच्याने झालं नाही.

तुमच्यापैकी कुणी शिकवत असेल तर पुढच्या असाइनमेंटला मुलांकडून चॅट मागून घ्या, आणि आधी त्यातले त्यांचे प्रश्न वाचा. उत्तर नंतर तपासा.