हवेचा काटा

काकांचं आमच्याशी रक्ताचं नातं नाही. ते पाटणचे, आम्हीही पाटणचे, आणि त्यांची सारी नोकरी एस.टी.त, ड्रायव्हर म्हणून. मी कऱ्हाडला कॉलेजात होते तेव्हा आई सकाळी स्टँडवर जाऊन माझा डबा कऱ्हाड गाडीत द्यायची आणि तिकडे मी तो उतरवून घ्यायची. साताऱ्या-सांगलीकडची कितीतरी पोरं अशा एस.टी.च्या डब्यावर शिकली. काकांची ड्यूटी असली की डबा इंजिनाच्या बॉनेटवर यायचा, त्यामुळे आमटी गरम असायची. मी स्टँडवर पोचलेली नसले तर ते कंट्रोलरच्या टेबलावर डबा ठेवून "पोरीचं जेवण हाय, इकडंतिकडं करू नगा" असं बजावून जायचे. त्यांच्या माझ्यावरच्या उपकारांत पहिला मान या आमटीचा.

दुसरी गोष्ट कुंभार्ली घाटातली.

चिपळूणला लग्न होतं. काकांनाही तिथल्या लेकीकडे जायचं होतं. आई म्हणाली, घेऊन जा, तेवढीच सोबत. ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. पाटण तालुक्यात त्या पिढीचं वय कोयनेच्या भूकंपावरून मोजतात. ११ डिसेंबर १९६७ ला काका सातवीत होते. माझी गाडी हायब्रिड. निघताना इंजिनाचा आवाजच नाही म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "चालू हाय ना?" हेळवाकपर्यंत मी त्यांना समजावत होते: ब्रेक दाबला की मोटर उलटं काम करते, चाकांच्या फिरण्यातून वीज करते, ती बॅटरीत जाते आणि त्यातच गाडीचा वेग उतरतो. चाकाजवळचे नेहमीचे ब्रेक लागतील तेवढेच मदतीला येतात. कुणी किती काम करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो.

"म्हंजे पाय आपला, पण इचार त्याचा," काका म्हणाले. याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

लांबच्या उतारावर या व्यवस्थेत एक अडचण येते. बॅटरी भरली की वीज ठेवायला जागा उरत नाही. मग मोटर अंग काढून घेते आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकांवर येतो. आम्ही घाट निम्मा उतरलो तेव्हा बॅटरीची पट्टी काठोकाठ भरली होती. एका वळणावर पेडल दाबलं आणि समोर लाल दिवा लागला, पाठोपाठ पिवळा, आणि बझर वाजायला लागला तो थांबेचना. ब्रेक लागत होता, पण पायाखाली पेडल काही वेगळंच लागत होतं.

ब्रेक लागेनासा झाला की पंपिंग करायचं, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळ्यांना शिकवतात. ऑइल गळालेल्या साध्या गाडीत ते बरोबरही आहे. मी पाय उचलणार एवढ्यात काका म्हणाले, "पाय उचलू नगंस. ह्यो हवेचा बझर हाय. साठ्यात हाय तेवढीच आता. पंपिंग केलंस की संपली."

"काका, याच्या ब्रेकांत एस.टी.सारखी हवा नसते."

"नसंना का. कायतरी साठवून ठिवलेलं असंलच की. लोअर टाक."

"यात गिअर नाहीत."

"मग इंजिनाला लाव."

लिव्हरवर एक 'बी' असतो. रोजच्या वापरात त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो टाकला आणि इतका वेळ मुकं असलेलं इंजिन गर्जायला लागलं. काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ओळखीचं काही ऐकल्यासारखे भाव आले. "हां. आता एकदाच दाब आन् दाबूनच ठेव. हँडब्रेक शेवटाला. पळत्या गाडीत वढलास तर मागची चाकं सरकत्यात. डोंगराच्या अंगाला घे, गटाराकडं."

पुढे पेडल दगडासारखं झालं. मदत करणारा दाब संपला होता. तरी पेडलापासून पुढच्या चाकांपर्यंत एक साधी वाट कंपन्या शिल्लक ठेवतात. फक्त तिथे सगळा जोर आपल्या पायाचा. मी पाठ सीटला रेटून दोन्ही पायांनी दाबलं. गाडी हळूहळू चालत्या माणसाच्या वेगाला आली. मग हँडब्रेकचं बटण ओढून धरलं, गटाराच्या काठाला डावं चाक घासलं, आणि थांबलो.

या सगळ्यात काकांचे हात त्यांच्या गुडघ्यांवर होते. शेजारी बसलेला मुरलेला ड्रायव्हर साध्या सिग्नललासुद्धा आपल्या पायाखालची फरशी दाबतो. माझे सासरे दाबतात, नवरा तर दारही धरतो. काकांनी पाय मागे, सीटखाली घेतले होते. स्टिअरिंगला हात लावला नाही, आवाज चढवला नाही, "अगं अगं" केलं नाही. आयुष्य ज्यानं या घाटात काढलं, त्यानं गाडी माझ्या हातात राहू दिली. जीव वाचवला वगैरे म्हटलं की ते हसतात. मला विचाराल तर मी त्यांचं देणं लागते ते त्या गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांचं.

उतरल्या उतरल्या त्यांनी चाकांपुढे दगड लावले, फांद्या मोडून मागे रस्त्यावर टाकल्या आणि विचारलं, "लाल कापड हाय का?" होती ती आहेराची साडी. ती घेऊन ते वरच्या वळणावर जाऊन उभे राहिले. पहिली एस.टी. आली ती थांबलीच. ड्रायव्हर खिडकीतून डोकावून म्हणाला, "मामा, आता साड्या इकता व्हय?"

गाडी टोईंगवर गेली. दाब तयार करणारा विजेचा पंप निकामी झाला होता. या गाड्यांत पंप दाब करून एका साठ्यात ठेवतो आणि ब्रेक त्यातून मदत घेतो. वीज गेल्यावर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पुरेल तेवढंच, तसं. दर वेळी पेडल दाबलं की त्यातलं थोडं खर्च होतं. गाडीच्या पुस्तिकेतही आहे हे: मदत बंद पडली तर पेडल पुन्हा पुन्हा दाबू नका, घट्ट दाबून धरा. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात होती, प्लॅस्टिकच्या पिशवीतच.

साडी काकांच्या लेकीला दिली. तिनं ती धुऊन, इस्त्री करून नेसलेला फोटो पाठवला आणि आईसाठी आमसुलं. पैशाचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती. काकांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली, निकामी झालेला पंप. गॅरेजमधून जुना पार्ट परत घ्यायचाच, ही त्यांची शिस्त. वॉरंटीतला पार्ट कंपनीकडे जातो म्हणून वर्कशॉपनं तो दिला नाही, आणि काका अजून त्यावर नाराज आहेत. "उघडून बगितला आसता," म्हणतात.

शेवटी मी ब्रेकच्या आकृतीचा प्रिंट काढून पाटणला नेला. त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत, पंपापासून चाकापर्यंतची रेघ दोनदा पाहिली. मग विचारलं, पंप बंद पडल्यावर साठ्यात किती वेळा दाबण्यापुरतं उरतं? मी वर्कशॉपला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, मॅडम, तसं ड्रायव्हरला दाखवत नाही, दिवा लागतो ना.

काकांनी कागदाची घडी घातली. "दिवा? आमच्या टपरा गाडीत बी हवेचा काटा व्हता समोर. ह्यांनी एवढ्या पैशात काटा न्हाई दिला?"