खाली न बसणारं लोखंड

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, तेवढं सांभाळून घ्या! पण या पानांवर लिहायला लावलं ते आमच्या मेसच्या मावशींनी.

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी आम्ही तिघींनी केमिस्ट्री लॅबमध्ये फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबकीय द्रव, बनवला होता. बशीखाली चुंबक आणला की काळ्या द्रवावर साळिंदरासारखे काटे उभे राहतात. चुंबक द्रवाला वर ताणतो, पृष्ठताण आणि गुरुत्वाकर्षण त्याला सपाट ठेवू बघतात. त्या ओढाताणीतून हे काटे येतात. नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये असा द्रव तयार केला. अवकाशात वजनच जाणवत नाही, तर रॉकेटचं इंधन चुंबकाने ओढावं, ही त्यांची कल्पना. आज तो लाउडस्पीकरमध्ये कॉइल थंड ठेवायला वापरतात.

परीक्षकांसमोर मी 'कोलॉइड', 'सर्फॅक्टंट' असं इंग्लिशमध्ये फाडफाड बोलले. शाबासकीही मिळाली. संध्याकाळी मावशी बघायला आल्या. म्हणाल्या, "पोरी, यात लोखंड आहे ना? मग ते खाली काहून नाही बसत?"

मी गप्प! पाठ केलेलं सगळं आठवत होतं, पण उत्तर येईना. खरं म्हणजे मलाच ते कळलं नव्हतं.

रात्री पुस्तक उघडलं. यातले लोखंडाच्या ऑक्साइडचे कण साधारण १० नॅनोमीटरचे. एका मिलिमीटरमध्ये असे एक लाख कण ओळीने मावतील! इतक्या बारीक कणांना द्रवाचे रेणू सारखे धक्के देत राहतात, म्हणून ते तळाशी जात नाहीत. पण एकमेकांना चिकटले तर जड होऊन बसतीलच. म्हणून प्रत्येक कणावर ओलिक आम्लाचा थर असतो. शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असतं, तेच हे. त्याच्या रेणूचं एक टोक कणाला धरून ठेवतं आणि शेपटी बाहेर द्रवात राहते. त्या शेपट्या दोन कणांना जवळ येऊ देत नाहीत.

सकाळी पोह्यांच्या रांगेतच मावशींना हे सांगितलं.

"म्हणजे पिठल्यासारखं," त्या म्हणाल्या. "गुठळी झाली की बसलं तळाला. हाटत राहावं लागते."

"बरोबर! फक्त इथे हाटायचं काम उष्णता करते."

"मग आपल्या नागपुरात तर ते कधीच नाही बसणार!"

सगळी रांग हसली. तेव्हापासून व्हायवाच्या आदल्या दिवशी मी एक चक्कर मेसच्या स्वयंपाकघरात मारतेच.